सगळं जग डाव्या बॅकवरून

आमची ही गेली त्याला आता दिवाळी उलटून गेली. लोक येतात, बसतात, चहा पितात. चहा मीच करतो, वाईट करतो. "वेळेवर जेवता ना?" असं विचारतात आणि उठतात. ते गेले की मी गॅलरीत बसतो. बघणारा म्हणेल, म्हातारा बायकोला आठवत बसलाय. तसं नाही. तिला आठवावं लागत नाही, ती असतेच. मला आठवतो तो एक उलटा चालणारा माणूस. फुटबॉलचा बॅक. तिच्या खानावळीत जेवायचा आणि मैदानात माझ्या डाव्या हाताला खेळायचा.

त्याचं नाव लिहीत नाही. त्यालाच आवडलं नसतं. "बॅकाचा नाव लोकांका कधी कळता? तो चुकता तेव्हाच," असं म्हणायचा. गाव मालवणकडचं. रागावला किंवा खुशीत असला की मालवणीत बोलायचा, एरवी आमच्यासारखंच. मी त्याला दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा बराच मोठा, चाळिशीला टेकलेला. त्या वयात लोक फुटबॉल बघायलाही जात नाहीत, हा खेळत होता.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती त्या वर्षांतलं हे सगळं. आम्ही परळच्या एका गिरणीत. मी साच्यावर, म्हणजे मागावर. तो मस्टरवर हेल्पर होता, पण आपल्या खात्याचा दरवाजा त्याने कधी बघितला असेल तर शपथ. गिरण्या तेव्हा टीमसाठी खेळाडू असेच ठेवायच्या. खेळतोस तोवर मस्टरवर नाव, खेळणं थांबलं की नाव कापलं. त्याला ते माहीत होतं. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

सकाळी नायगावच्या मैदानाकडे गेलात की तो दिसणारच. हाफपँट, गंजीफ्रॉक, आणि उलटा चाललेला. चालत चालत पळायला लागायचा, तेही उलटाच. पहिल्या पाळीचे लोक ओरडायचे, "ओ पाव्हणं, गिरणी त्या बाजूला!"

"ती काय पळून जातेय? तिच्याकडे कशाला बघू?"

एकदा एक कोळीण पाटी डोक्यावर घेऊन मैदान तुडवत निघाली होती. हा तिच्या दिशेने पाठमोरा सुसाट. ती किंचाळली, "मेल्या, डोळे काय पाठीला लावलेस?" तो पाटीपासून वीतभर अलीकडे थांबला. मान वळवली नाही. म्हणाला, "लावलेत मावशी. तू रोज त्या खांबाकडून जातेस, आज कशी काय इकडून?" कोळीण इतकी हसली की पाटी सावरता येईना.

मला त्यानेच तयार केला. मी आधी नुसता दांडगाई करायचो. समोरचा आला की अंगावर जायचं, एवढंच माहीत. तो माझी कॉलर धरून म्हणाला, "मेल्या, खंय बघतंस? त्येच्या तोंडाकडे नको, कमरेकडे बघ. तोंड फसवता, पाय फसवतत. कंबर जाता तिकडेच माणूस जाता." दुसरी शिकवण अशी की अडवायची घाई करायची नाही. समोरच्याला वाट द्यायची, पण त्याला नको असलेली. एक पाऊल मागे, आणखी एक मागे. तेवढ्यात आपले लोक परत येतात. "बॉल काढून घेणारो बॅक पोरांका आवडता. वेळ काढणारो बॅक गोलकीपराक आवडता."

या कमरेकडे बघण्याने खानावळीत मात्र घोळ झाला. आमच्या खोलीतच हिची खानावळ होती. गावाकडून आलेले एकटे पुरुष, गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहणारे, दोन पाळ्यांत आमच्याकडे जेवायचे. मी त्याला पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा आमचं लग्न नवं होतं. ही वाढायला लागली आणि हा भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसला. नजर खाली, हिच्या चालण्यावर. दुसऱ्या दिवशी ही मला म्हणाली, "तुमचा तो दादा कुठं बघतो हो? उद्या आमटीचा डाव घालीन डोक्यात."

मी त्याला सांगितलं. तो बिचारा जेवण सोडून उभाच राहिला. "वहिनी, रागावू नका. मी माणूस चालीवरून ओळखतो. तोंडं माझ्या ध्यानात राहत नाहीत. इतक्या मुलखांत इतकी तोंडं बघितली, सगळी एकमेकांत मिसळून गेली."

"मग मला काय पायांवरून ओळखता, भावोजी?"

"जिन्यात आवाज आला की कळतं, वहिनी येताहेत."

हिला ते पटलं की नाही देव जाणे, पण पुढच्या दिवसापासून त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा पडायला लागला.

पुढे एकदा जेवता जेवता हळूच मला म्हणाला, "हिला पाण्याची हंडी उचलू देऊ नको आता." मी "का?" विचारलं, तर नुसता हसला. मी रात्री हिला विचारलं, तर ती लाजून भिंतीकडे वळली. तिने आईलासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. सकाळी त्याला दारातच गाठून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "तुम्हीच. परवापासून सगळं पाऊल एकदम टेकवताय." हिने त्याच्यामागे लाटणं फेकलं. त्याने ते न बघता चुकवलं.

तो कुठं कुठं खेळला म्हणून विचाराल, तर रंगून, कलकत्ता, डाक्का, कोलंबो, मोंबासा. खेळणं हाच त्याचा धंदा. कोणी बोलावलं की वळकटी आणि बूट घेऊन निघायचा. आम्ही लालबागच्या पुढे भायखळ्याला गेलो तरी आल्यावर सांगत बसायचो. त्याच्याकडे सांगायला एवढं जग, आणि सांगायचा काय? जमीन.

"रंगून कसं होतं, दादा?"

"चिखल. घोट्याएवढा. अनवाणी खेळायचो, बोटं रोवून उभं राहायचं."

"आणि कोलंबो?"

"वाळू. बॉल उसळत नाही."

"मोंबासा?"

"तांबडी माती. पडलास की गुडघा सोलून निघतो. तिथे बूट घालायला शिकलो."

"अरे, रंगूनला ते सोन्याचं देऊळ आहे म्हणे!"

"आहे ना. डाव्या बॅकवरून दिसायचं. दुसऱ्या हाफला पाठीमागे जायचं."

आम्ही हसायचो. तो हसायचा नाही, खरंच सांगत असायचा. सगळं जग त्याने डाव्या बॅकवरून बघितलं होतं. जपानी आले तेव्हा तो रंगूनहून निघाला, डोंगरांतून, हजारो माणसांबरोबर. त्याबद्दल मी एकदाच विचारलं. "चालत आलो," म्हणाला आणि आमटी मागितली. डाक्क्याचं मात्र सांगायचा. "झोपलो तेव्हा तो आपला देश होता, उठलो तेव्हा परका. मी जागचा हललो नव्हतो रे. हद्दच मला ओलांडून पलीकडे गेली."

बुटांवर त्याचा फार जीव. हिच्याकडून एरंडेल मागून घ्यायचा आणि गावकऱ्यांच्या खोलीत बसून चोळायचा. त्या वासाने खोलीतले लोक त्याला शिव्या घालायचे. जर्सीवर मात्र त्याचा जीव नव्हता. "जर्सी धुवून परत द्यायची असते," म्हणायचा. "मोसम संपला की दिली. तिच्यावर जीव लावणारा माणूस फुकट रडतो."

हेच त्याला चळवळीत नडलं. तेव्हा लालबाग-परळला दुसरा विषयच नव्हता. सकाळी फेरी, संध्याकाळी सभा, मधे संप. जेवायला बसलं तरी तेच. हा मुकाट जेवायचा. आमच्यात एक साचेवाला होता, चळवळीत सगळ्यांच्या पुढे, गळा बसलेला कायम. तो एकदा भडकला.

"ओ बोटवाले! मोर्चाला एकदाही दिसला नाहीत. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"ज्याची जर्सी अंगात, त्याच्या बाजूचा."

"आता कोणाची आहे अंगात?"

दादाने खाली बघितलं. "आता गंजीफ्रॉक आहे. तोही फाटका."

सगळे हसले. साचेवाला नाही हसला. "मुंबई कोणाची हे ज्याला कळत नाही, त्याने इथलं खाऊ नये," म्हणाला. तेव्हा ही चुलीजवळून कडाडली, "माझ्या पंगतीत कोणी काय खावं ते मी ठरवीन. मुंबई महाराष्ट्राची आहेच, पण पंगत माझी आहे." साचेवाल्याने आमटीची वाटी तोंडाला लावली. दादाने ताट चाटूनपुसून संपवलं, पण नंतर मला जिन्यात म्हणाला, "तो खोटं नाही बोलला रे. मला कुठलीच जागा माझी म्हणता येत नाही. सवयच गेली."

त्याच सुमाराला मोंबासाचं बोलावणं आलं. मशीद बंदरला एक कच्छी शेठ होता, त्याचे भाऊबंद तिकडे व्यापारात आणि फुटबॉलचे शौकीन. दादा पूर्वी त्यांच्याच टीमकडून खेळला होता. त्यांना पुन्हा हवा होता, दोन मोसमांसाठी. शेठ म्हणाला, रविवारी तुमची मॅच बघतो, पाय ठीक दिसला की बोटीची सोय करतो. बोट लगेच निघणार होती.

दादा वेगळाच दिसायला लागला. इथे गिरणीला पुढच्या मोसमाला तरणी पोरं आणायची होती, ते ऐकू येत होतं. नाव कापलं असतं तर तो काय करणार होता? साचा येत नव्हता, हमाली या वयात होत नव्हती. लग्न केलंच नव्हतं. त्याला बॅक खेळणं येत होतं, एवढंच. "दोन मोसम म्हणजे दोन मोसम," म्हणायचा. "पुढचं पुढे." मी पण खूश होतो. वाईट एवढंच वाटत होतं की माझ्या डाव्या हाताला आता कोण?

रविवारच्या आधीच्या आठवड्यात लालबागच्या नाक्यावर मोर्चा निघाला. आमच्या चाळीच्या बायका सगळ्या गेल्या. ही पण गेली, पोट पुढे आलेलं असताना. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "पोराला काय सांगू, तू येणार होतास म्हणून मी घरात बसले?" नाक्यावर लाठी चालली आणि बायका मागे फिरून पळत आमच्या गल्लीत शिरल्या. चाळीचा मोठा दरवाजा बंद होता, फक्त त्यातली दिंडी उघडी. एकावेळी एकच बाई वाकून आत येणार. मी आतून हात धरून ओढत होतो. ही सगळ्यांच्या मागे, पळता येत नव्हतं तिला. आणि शिपाई गल्लीच्या तोंडाशी पोहोचलेले.

दादा मशीद बंदरहून परत येत होता. ट्राम बंद, म्हणून पायी. तो गल्लीच्या तोंडाशी, शिपायांच्या समोर येऊन उभा राहिला. हात पाठीमागे बांधलेले, कोणी म्हणायला नको की अंगाला हात लावला.

पुढचा शिपाई तरुण होता, घामाने निथळत होता. "ए, बाजूला हो!"

दादा बाजूला झाला. शिपाई तिकडून निघाला तर दादा तिथेच. शिपाई दुसरीकडे वळला, दादा त्याच्या आधी तिथे. आणि प्रत्येक वेळी एक पाऊल मागे. गल्ली अरुंद. नजर शिपायाच्या पट्ट्यावर.

"अरे नाचतोस काय? वेडा आहेस का?"

"नाही हो साहेब. जातोच आहे मी. तुम्ही या ना."

दिंडीजवळ बायका रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या. मी एकेकीला ओढत होतो. शेवटी हिचा हात हातात आला, आत घेतली. मान वर करून बघितलं तर दुसरा एक शिपाई बाजूच्या दुकानाच्या पायरीवरून आला होता. त्याची काठी दादाच्या डाव्या गुडघ्यावर बसली. दादा ओरडला नाही. पायावर चहा सांडल्यावर माणूस जसा खाली बघतो, तसं बघितलं आणि बसला.

आम्ही त्याला खोलीत आणला. गुडघा नारळाएवढा. हिने मीठ भाजून शेकलं आणि लुगडं फाडून पट्ट्या केल्या. तो साचेवाला दारात येऊन उभा होता, बसलेला गळा घेऊन. जाताना दादाच्या वहाणा आत सरकवून गेला.

ही म्हणाली, "भावोजी, रविवारी खेळू नका. पाय कायमचा जाईल."

"वहिनी, रविवारी नाही खेळलो तर सोमवारी मी कोण?"

मी म्हणालो, "शेठला सांगू, पुढच्या रविवारी बघा."

"पुढच्या रविवारी बोट समुद्रात असेल."

मग मी म्हणालो, "तू नुसता उभा राहा दादा. पळतो मी. दोन्ही बाजू." तेव्हा टीममध्ये दोनच बॅक असायचे, एक डावा, एक उजवा. एकाने दोन्ही बाजू धरायच्या म्हणजे काय, ते मला बोलताना कळलं नव्हतं. त्याला कळलं असणार. तो पट्टी घट्ट करत राहिला.

रविवारी शेठ आला. त्या दिवसांत एकट्या कच्छी माणसाने परळला येणं सोपं नव्हतं. चेहरा उतरला होता, पण आला. आम्ही त्याला लायनीजवळ खुर्ची दिली. तो छत्री गुडघ्यांत धरून बसला. त्याच्या मागे बायकांत ही उभी.

पहिला हाफ मी जन्मात विसरणार नाही. दादा चालत होता. पट्टी गुडघ्यावर ओढलेल्या मोज्याखाली, त्यामुळे कोणाला काही दिसत नव्हतं. त्याच्या समोरचा विंगर भायखळ्याचा, वाऱ्यासारखा. पण दादा अशा ठिकाणी उभा राहायचा की बॉल आपण होऊन त्याच्याकडे यायचा. आणि तोंड चालू. "मधे जा. थांब. येऊ दे त्याला. आता जा, जा!" मी जात होतो. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. शेठ छत्रीने जमिनीवर ठेका धरत होता. एकदा दादाच्या पायांकडे बघत तो म्हणाला ते माझ्या कानावर आलं, "वा, पग एकदम सरस!"

दुसऱ्या हाफला माझ्या छातीत घोडे पळायला लागले. तोंडाला फेस. एकदा डावीकडून परत येताना पाय दुमडले आणि मी गुडघ्यांवर बसलो, तिथेच ओकलो. वर बघतो तर दादा माझ्याकडे बघत होता. कमरेकडे नाही, तोंडाकडे. बराच वेळ.

बॉल बाहेर गेला. त्याने हात वर केला आणि रेफ्रीला म्हणाला, "माझं झालं."

तेव्हा बदली खेळाडू मिळत नसे. एक गेला की दहाच. मी धावत गेलो. "दादा, वेडा आहेस का? शेठ बघतोय! थोडाच वेळ राहिलाय!"

"बघू दे. जोडीने खेळायचं ते जोडीने. एकाने दोघांचं खेळलं की दोघंही मरतात."

"बोट जाईल तुझी!"

"जाईल." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच टेकून, सगळा भार टाकून. मग मला सांगितलं, "ऐक. आता तू एकटा. कडेला राहू नको, तिथे तुला सवय आहे म्हणून राहशील. मधे ये. एकटा उरलेला बॅक मधे येतो."

आणि लंगडत निघाला. आता लपवत नव्हता. शेठ खुर्चीवरून उठला, म्हणाला, "अरे, तू एवढा सुंदर खेळत होता की!"

"मी नाही शेठ. तो खेळत होता. मी उभा होतो."

शेठ शहाणा माणूस. तो म्हणाला, "उभं राहणं पण सगळ्यांना नाय येत. तू चल, तिकडच्या पोरांना शिकव. खेळू नको."

दादाने हात जोडले. "बाकावर बसायला समुद्र कशाला ओलांडू, शेठ?"

आम्ही ती मॅच हरलो. मी मधे आलो होतो, तरी हरलो. पण वाईट नाही हरलो.

पुढच्या मोसमाला मस्टरवरचं त्याचं नाव गेलं. तो गावी गेला. निघायच्या आधी जेवायला आला, तेव्हा आमची मुलगी झाली होती. ही वाढता वाढता एकदम रडायला लागली. "भावोजी, माझ्यापायी तुमचा पाय गेला."

"वहिनी, पाय माझा वयाने नेला. शिपाई नुसता निमित्त. आणि त्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपण होऊन उभा राहिलो. सगळ्या आयुष्यात एकदाच. तेवढं माझ्याकडे राहू द्या."

तो गावीच वारला, किती वर्षांनी ते आता आठवत नाही. गावकऱ्यांच्या खोलीतल्या कोणीतरी येऊन सांगितलं. ही खूप रडली. मी कामावर गेलो.

त्या रविवारी मधे यायला मला वेळ लागला नव्हता. विचार करायला सवडच नव्हती, बॉल येतच होता. आता काही येत नाही. मुलीने घेऊन दिलेला पलंग आहे, चांगला रुंद. ही भिंतीकडे झोपायची, मी दाराकडे. मुलगी म्हणते, "बाबा, मधे झोपा ना. एक दिवस पडाल कडेवरून." मी बरं म्हणतो. मुद्दाम मधे अंग टाकूनही बघितलं. डोळा लागला की परत माझ्या कडेला येतो. सकाळी ती येऊन पलंग आवरते, तेव्हा तिला एकाच बाजूची चादर ओढावी लागते. दुसरी जशीच्या तशी असते.